हलवून बघायचं नाही

९ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काका, दोन-तीन दिवस शक्यतो कमी बोला." घरी पोचेपर्यंत आमच्या हिने त्याचं "अजिबात बोलायचं नाही" करून टाकलं. आज सकाळी मिठाच्या पाण्याचा पेला हातात देऊन म्हणाली, "आता खुशाल मिठाची गुळणी धरून बसा." इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला एवढं प्रसन्न मी क्वचितच पाहिलंय.

बोलायचं नाही म्हणून लिहितो. फोमचा व्यापारी दरवर्षी एक डायरी देतो. आजवर त्यांत एक ओळ लिहिली नव्हती.

तर झालं असं, की मागच्या वर्षी एका सोफ्याच्या स्प्रिंगा बांधताना सुतळीचं एक टोक नेहमीप्रमाणे दातात धरलं आणि ओढलं. सुतळी राहिली, दात गेला. वरचा, डावीकडचा, सुळ्याच्या शेजारचा. मूळ काढून टाकलं, जखम भरू दिली आणि काल त्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवला. गोड शब्दात सांगण्यात अर्थ नाही. स्क्रू म्हणजे स्क्रूच, आटे असलेला. त्याच्यासारखाच एक त्यांनी मला आधी हातात दिला होता. वरून एक छोटी टोपी बसवलीय, ती हिरडीतून डोकावते. हाडाने स्क्रू धरला की त्यावर दात.

सोफे आणि खुर्च्या बसवण्यात माझी हयात गेली. स्क्रू कुठे धरतो आणि कुठे धरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. चांगल्या लाकडात धरतो. जुन्या, पोखरलेल्या सांगाड्यात धरत नाही, तिथे भोकात भुसा आणि सरस ठासून भरायचा, वाळू द्यायचा आणि मग पेच मारायचा. तरी मनात धाकधूक राहतेच. म्हणून मी आडवा पडल्या पडल्या विचारलं, "हाड कसं आहे?" त्या म्हणाल्या, "थोडं भुसभुशीत आहे, पण आपण हाडाची पूड भरतोय." म्हणजे भुसा आणि सरस. बाकीच्या सूचना हिने ऐकल्या. मी "भुसभुशीत" याच शब्दापाशी अडकलो होतो.

सूचना अशा: मऊ खायचं, गरम नाही, ओढून-ताणून काही नाही. आणि मुख्य म्हणजे त्या टोपीला बोट लावायचं नाही, जीभही नाही. हाडाला तीन-चार महिने लागतात.

संध्याकाळी भिंगरी आली. आमची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी, लग्नाला पाच वर्षं झाली तरी भिंगरीच. "आठ दिवस राहते, बाबांकडे बघायला," म्हणाली. बॅग मात्र एवढी मोठी, की टॅक्सीवाल्याने ती उतरवून आधी कंबर धरली. बायकांचं सामान.

११ जानेवारी

गाल टम्म फुगलाय. "एका बाजूने का होईना, तब्येत सुधारली," ही म्हणाली. हसू आलं आणि टाके ओढले गेले. त्या हसण्याने स्क्रू हलला तर नसेल?

बर्फाची पिशवी भिंगरी धरते. किती वेळ धरायची, किती वेळ काढायची, सगळं तिला नीट कळतं. एरवी खिडकीशी बसलेली असते. फोन पालथा ठेवते. तो थरथरतो तेव्हा त्याच्याकडे बघते, उचलत नाही.

तिची शाळेतली पाटी सापडली, तिच्यावर लिहून विचारलं, "जावईबापू कसे आहेत?" म्हणाली, "मजेत." सूप पिताना पुन्हा लिहिलं, "खरंच मजेत?" म्हणाली, "हो बाबा." संध्याकाळी नुसतं एक मोठं प्रश्नचिन्ह काढून दाखवलं. तिने पाटी घेतली, पुसली आणि कपाटाच्या पार वरच्या फळीवर ठेवून दिली. आजारी माणसाशी असं वागतात का?

१७ जानेवारी

टाके काढले. मी पहिला प्रश्न विचारला, "घट्ट बसलाय का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता नाही सांगता येणार."

हे मला झेपत नाही. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: माल दारातून बाहेर जाण्याआधी खुर्चीचे दोन्ही हात धरायचे आणि तिला गदागदा हलवायचं. कुरकुरली, डुगडुगली, तर परत आत. आजवर माझ्या दुकानातून एकही खुर्ची न हलवता गेलेली नाही. गिऱ्हाईक समोर उभं असलं तर मी मुद्दाम जरा जास्तच हलवतो. मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "काका, ही खुर्ची नाही."

तेही खरं. खुर्ची मोडली तर दुसरी करता येते.

२५ जानेवारी

दुकानात जायला लागलो. काम करताना चुका तोंडात धरायची माझी पद्धत. मूठभर छोटे खिळे गालात ठेवायचे, जिभेने एकेक खिळा डोकं पुढे करून ओठांवर आणायचा, हाताने घ्यायचा, ठोकायचा. आता बंदी. चुका डब्यात ठेवल्यात आणि दर वेळी वाकून एक उचलतो. जे काम दुपारपर्यंत व्हायचं, ते दिवेलागणीपर्यंत चालतं.

शेजारच्या शेडमध्ये आमचा सुतार सांगाडे बनवतो. माझा भागीदार आणि जुना मित्र. तो मला गादीमहाराज म्हणतो. आज म्हणाला, "गादीमहाराज, ती स्टेपल गन घ्या की आता. तोंड मोकळं राहील. अर्थात तोंड मोकळं राहिलं तर आम्हालाच त्रास." त्याच्यावर फोमचा तुकडा फेकला.

जिभेचं काय करायचं? ती आपोआप तिकडे जाते. सकाळी उठल्यावर एकदा हळूच टोपीला लावून बघितली. एकदाच. घट्ट वाटलं.

आठ दिवस कधीच उलटून गेले. भिंगरी म्हणते, "तुमचा दात बसेपर्यंत राहते." चांगली मुलगी आहे, पण तिकडे त्या माणसाच्या जेवणाखाण्याचं काय? म्हणून मीच जावईबापूंना फोन केला. "सगळं ठीक ना?" विचारलं. ते म्हणाले, "ती काय म्हणाली?" मी म्हटलं, "मजेत म्हणाली." "मग झालं तर," म्हणाले. कामात असावेत.

घरी येऊन भिंगरीला सांगितलं, तर तिचं तोंड एवढंसं झालं. "तुम्ही त्याला फोन का केलात?" एवढंच बोलली आणि जेवायलाही बसली नाही. काळजी करणाऱ्या बापावर रागावण्यासारखं यात काय आहे ते मला कळलेलं नाही.

५ फेब्रुवारी

इथे खरं लिहायला हरकत नाही. जीभ आता सकाळी, दुपारी आणि झोपताना लागते. जिभेला नीट समजत नाही म्हणून चार दिवसांपासून बोटही लावतो. हात साबणाने धुऊन, स्वच्छ रुमाल गुंडाळून, टोपीला धरून अगदी हलकेच पुढे-मागे करतो. इतकं हलकं, की माशी बसली असती तर उडाली नसती.

आज काहीतरी लागलं. म्हणजे लागलं असं वाटलं. टोपी हलली की रुमाल सरकला? हे ठरवायला पुन्हा करून बघावं लागलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा काही हललं नाही आणि जीव भांड्यात पडला. पण तासाभराने वाटलं, की तिसऱ्यांदा आपण भीतीने कमी जोर लावला असणार.

न्हाणीघरात एवढा वेळ काय करता, असं हिने विचारलं. "गुळण्या," म्हटलं.

१८ फेब्रुवारी

घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत शिरलो की मायलेकी बोलायच्या थांबतात. काल दोघी ओट्यापाशी उभ्या होत्या, भिंगरीचे डोळे लाल होते. मला बघून ही मोठ्याने म्हणाली, "मग काय, बटाटे उकडायचे ना?" समोर बटाट्यांचा पत्ता नव्हता.

माझी खात्री आहे, डॉक्टरीणबाईंनी या दोघींना काहीतरी सांगितलंय. हाड सडलंय. किंवा त्याहून वाईट. मी सरळ विचारलं, "माझ्यापासून काय लपवताय?" भिंगरी म्हणाली, "बाबा, तुमच्या दाताचं काही नाही हो." मी म्हटलं, "मग रडत होतीस कशाला?" "उगाच." "उगाच कोणी रडतं का? सासरी काही बोलले का? तब्येत बरी आहे ना तुझी? पैशांची अडचण आहे का?" ती उठून गेली. मी मागोमाग गेलो आणि दाराबाहेरून तेच पुन्हा विचारलं. आतून कडी लागली.

ही मला हाताला धरून परत घेऊन आली. "पुरे करा," म्हणाली. मी काय केलं?

गेल्या आठवड्यात भिंगरी एक दिवस आपल्या घरी जाऊन आली. उन्हाळी कपडे आणले, आणि एक कुंडी. मोठ्या पानांचं झाड आहे, नाव मला माहीत नाही. टॅक्सीत मांडीवर घेऊन आली म्हणे. तिथे पाणी घालायला कोणी नाही म्हणून आणली. हे बाकी शहाणपणाचं केलं.

माझ्यापायी पोरीचा संसार खोळंबलाय, ही टोचणी मला खाते. दात एकदाचा बसला की ती सुटली. म्हणून तर मला कळायला हवं, की तो बसतोय की नाही. आता दुकानातही एक स्वच्छ रुमाल ठेवलाय.

६ मार्च

हललं. या वेळी रुमाल नव्हे, भास नव्हे. जिभेने नुसतं लावलं आणि टोपी आतल्या आत कलली. हिरडी दुखतेय. पुन्हा लावून बघायची हिंमत नाही.

७ मार्च

डॉक्टरीणबाईंनी एका छोट्या दांडीने टोपीवर ठोकलं. आवाज मी ओळखला. भुसभुशीत लाकडावर ठोकलं की असाच बद्द आवाज येतो. मग त्यांनी दोन बोटांनी तो स्क्रू फिरवला आणि बाहेर काढून ताटलीत ठेवला. हत्यारसुद्धा लागलं नाही.

"काका, याला हात लावत होता का?"

मी दोन्ही हात अंगाखाली सरकवले.

"रोज?"

"हलकेच," मी म्हटलं. "घट्ट बसलाय का, तेवढंच बघायला."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. हाड त्या आट्यांकडे हळूहळू सरकत असतं. तेव्हा ते इतकं नाजूक असतं, की केसाएवढं हललं तरी तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. दिवसातून चार वेळा हललं की हाड तो नाद सोडून देतं आणि तिथे नुसतं मांस भरतं. "ते धरत होतं, काका. आधीच्या फोटोत दिसतंय. तुम्ही तपासत गेलात म्हणून सुटलं."

"पण हलवून बघितलं नाही तर कळणार कसं?" मी विचारलं. हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तेवढे दिवस कळून घ्यायचं नसतं," त्या म्हणाल्या. "सोडून द्यायचं असतं."

आता जखम भरली की पुन्हा एकदा करायचं. पण हाड थोडंच उरलंय. दुसऱ्यांदा गेलं तर तिसरी खेप नाही. मग दोन्ही बाजूंचे चांगले दात कापून त्यांच्यावर पूल टाकायचा, किंवा रात्री पेल्यात काढून ठेवायचा दात. माझ्या वडिलांचा असा दात होता. लहानपणी मी त्या पेल्याला घाबरायचो.

घरी येऊन सांगितलं. ही भडकलीच. "कुठलीही गोष्ट जिथल्या तिथे राहू द्याल तर शपथ! सगळं हलवून बघायचं. दार लावलं की हलवून बघा, गॅस बंद केला की हलवून बघा, माणसंसुद्धा सोडत नाही तुम्ही!" माणसांचं इथे काय काम होतं, कळलं नाही. रागाच्या भरात बोलली असेल.

भिंगरीने मात्र "म्हणजे आता पुन्हा तीन-चार महिने?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "जास्तच. आधी जखम भरायची." क्षणभर तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. माझे डोळे भरलेले होते, नीट दिसलं नसेल.

२० एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. तोंडात भोक आहे आणि मी फोटोत हसत नाही. भिंगरी दुपारची दुकानात येऊन बसायला लागलीय. घरी कंटाळा येतो म्हणते.

१२ जून

काल दुसऱ्यांदा बसवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी आठवडाभर बोलणं बंद. आणि हात..." मी दोन्ही हात वर करून दाखवले.

स्क्रू तसाच, तोंड तेच, आणि मीही तोच. पहिले दोन मला चालतील, भीती तिसऱ्याची, म्हणजे माझीच वाटते. सुताराने उपाय सांगितला, की हाताला काम दे. म्हणून सगळे रुमाल हिच्या स्वाधीन केले आणि एका जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा घरीच बांधायला घेतल्या.

पाटी मी मागितली नाही. वरच्या फळीवरच आहे.

१६ जून

विचित्र गोष्ट. दुपारी मी स्प्रिंगा बांधत होतो, भिंगरी सुतळीचं टोक धरून समोर बसली होती. माझ्या दाताऐवजी आता ती धरते. तासभर कोणी बोललं नाही. मला तर बंदीच. आणि अचानक, कोणी काही विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "आम्ही दोघं जेवायला एका टेबलावर बसायचो ना बाबा, तर घड्याळाची टिकटिक ऐकू यायची."

मी मान वर केली. विचारायला दहा गोष्टी जिभेवर आल्या. म्हणजे काय? कधीपासून? भांडण झालं का? आणि गंमत अशी, की जीभ हलली ती थेट टोपीकडेच निघाली. घाबरून तिला जागच्या जागी दाबून धरली. दात वाचला आणि प्रश्नही तिथेच राहिले. मी नुसती मान हलवली.

तिने पुढची गाठ आवळली. "भांडण नव्हतं हो," म्हणाली. "भांडण असतं तर बरं."

एवढे महिने मी विचारून विचारून थकलो तेव्हा पोरगी तोंड उघडत नव्हती. आता माझ्या तोंडाला कुलूप आहे, तर बाईसाहेब बोलतायत. उलट्या खोपडीची आहे, आईवर गेलीय.

५ जुलै

दुकानात जातो. चुका आता भिंगरी देते. तळहातावर घेते, एकेक डोकं वर करून पुढे धरते, मी घेतो आणि ठोकतो. आधी गडबड व्हायची, आता लय जमलीय. सुतार म्हणाला, "पोरीने तुझं तोंड चालवायला घेतलं, बरं झालं. निदान चांगल्या हातात गेलं."

बोलायची बंदी उठली, पण मी फारसा बोलत नाही. बोलायला लागलो की जीभ भटकते. दात राहिलाय की नाही, ठाऊक नाही. हे ठाऊक नसणं दिवसभर अंगावर वागवायचं म्हणजे काय, ते कोणाला सांगून कळायचं नाही. कधी कधी घाम फुटतो. मग मी मोठ्याने म्हणतो, "चुका दे," आणि ती देते.

२३ जुलै

आज कळलं.

जेवणानंतर दुकानामागच्या नळावर मी मिठाच्या पाण्याची गुळणी तोंडात धरून उभा होतो. भिंगरी डबा धुवायला आली. नळ सोडून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मी परत जाणार नाहीये. जानेवारीतच ठरवून आले होते. आईला माहीत आहे."

मी तोंडभर पाणी घेऊन उभा.

"तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही रोज विचारायचात, आणि तुम्ही विचारलंत की मला वाटायचं, आपण चुकतोय. पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लागायचा." डब्याचं झाकण तिने दोनदा धुतलं. "कुंडी आणायला गेले ना, त्या दिवशी तो दारात उभा होता. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. थांब म्हणेल. चिडेल तरी. म्हणाला, 'कुंडीसुद्धा नेतेस?' बस, एवढंच."

डबा निथळत ठेवून ती आत गेली. मी गुळणी थुंकली तेव्हा विचारायला कोणी उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलं, आणि जानेवारीपासून माझ्या घरात ती हे एकटीने गिळत होती आणि मी गालाला बर्फ लावून घेत होतो, याचंही वाटलं. आणि भीती वाटली. आता पोरीचं कसं होणार, लोक काय म्हणतील, तिने घाई तर केली नाही? त्याला एक फोन करून बघावा का?

फोन हातात घेतला होता. मग खिशात ठेवला. आत गेलो तर ती तळहातावर चुका घेऊन बसलीच होती.

१९ ऑगस्ट

भिंगरीने आज पहिली खुर्ची एकटीने बसवली. पट्टे, स्प्रिंगा, काथ्या, फोम, वरचं कापड, सगळं तिचं. कोपऱ्यावरची घडी माझ्यापेक्षा जरा ढिली आहे, पण ते मी बोललो नाही. बोललो नाही याचा मला इतका त्रास झाला, की चहा दोनदा घ्यावा लागला.

दाताचं काही माहीत नाही.

१० ऑक्टोबर

आज दवाखान्यात तपासणी. ही बरोबर येते म्हणाली, नको म्हटलं. भिंगरी काही न विचारता चपला घालून दारात उभी राहिली, तिला नको म्हणता आलं नाही.

खुर्चीत आडवा झालो आणि डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी ती दांडी घेतली. माझ्या मनात नुसतं "बद्द, बद्द" चाललं होतं. आणि आवाज आला, टण्ण. स्वच्छ, कोरडा. पक्क्या सांगाड्यावर हातोडी आपटली की येतो तसा. त्यांनी काही सांगायच्या आधीच मला कळलं होतं. डोळ्यांतून पाणी कानात गेलं, ते पुसायला हात उचलला तर त्या दचकल्या.

"पुसतोय," मी म्हटलं.

"आता लावा की हात," त्या हसल्या. "खरंच. हलवून बघा पाहिजे तर. आता काही होत नाही."

इतके महिने ज्याच्यासाठी बोटं शिवशिवत होती, त्याची परवानगी मिळाली. मी बोट ओठापर्यंत नेलं. मग नको वाटलं. "असू दे," म्हटलं. "बसलाय ना, बसू दे."

दाताचं माप घेतलं. दोन आठवड्यांनी दात मिळेल.

तिथून आम्ही दुकानात गेलो. सुतार अजून आला नव्हता. भिंगरीने स्वतः बसवलेली एक खुर्ची बाहेर काढली, गिऱ्हाईक संध्याकाळी नेणार होतं. तिने स्वतःच दोन्ही हात धरून ती गदागदा हलवली, अगदी माझ्यासारखी, जरा जास्तच. खुर्ची कुरकुरली नाही. पण ती हात तसेच धरून उभी राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "झालं. दात बसला."

"बसला," मी म्हटलं.

"दात बसेपर्यंत राहते म्हणाले होते मी."



ती वळली. चेहरा जानेवारीत होता तसाच. "विचारा ना बाबा आता. काय विचारायचंय ते एकदाच विचारून टाका. पुढे काय करणार, कुठे राहणार, ठरवलंय ते नक्की का. मी सांगते. विचारा."

आणि होतेच प्रश्न. जिभेच्या टोकावर रांग लावून उभे होते. तिच्याकडे बघितलं. खुर्चीच्या हातावर तिची बोटं पांढरी पडली होती.

"कुंडीला पाणी घातलंस का आज?" मी विचारलं.

मग तिने खुर्ची सोडली.

"घातलं," म्हणाली.

मी माझ्या जागेवर बसलो आणि हात पुढे केला. तिने पहिला खिळा दिला.